बी.एड. करताना एक सत्र फिनलंडमध्ये: परवानगीच्या अर्जापासून वर्गातल्या मागच्या खुर्चीपर्यंत

बी.एड. करताना मधलं एक सत्र परदेशात शिकता येतं का, असं दर वर्षी कुणी ना कुणी छात्राध्यापक विचारतो. येतं. फक्त तयारी वर्षभर आधी सुरू करावी लागते, आणि तिचा मोठा भाग विमानात बसण्यापूर्वी आपल्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात पार पडतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना पदवी इथल्याच विद्यापीठाची घ्यायची आहे, पण चार-पाच महिने दुसऱ्या देशातल्या वर्गात बसून शिकवणं कसं चालतं ते बघायचं आहे. एम.एड. किंवा चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक अभ्यासक्रम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

उदाहरण म्हणून मी फिनलंडमधलं युवास्कुला घेतलं आहे. हेलसिंकीच्या उत्तरेला रेल्वेने तीन-साडेतीन तासांवर, तळ्याकाठी वसलेलं हे गाव. फिन्निश भाषेतून शिक्षक घडवणारं पहिलं अध्यापक विद्यालय १८६३ साली इथे निघालं, आणि आजचं विद्यापीठ त्यातूनच वाढलं. त्या विद्यालयाचे पहिले प्रमुख ऊनो सिग्नेउस यांचा आग्रह होता की हाताने वस्तू घडवणं हा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा भाग असावा. १८६६ पासून हस्तव्यवसाय तिथल्या लोकशाळांमध्ये सक्तीचा झाला आणि तो आजही आहे, मुलामुलींना एकत्र. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नयी तालीम, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण, ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना तो तास बघताना बरंच काही ओळखीचं वाटेल.

आधी प्रश्न ठरवा, देश नंतर

‘फिनलंडची शिक्षणपद्धती बघायला जायचं आहे’ हे कारण पुरेसं नाही. चार महिन्यांत कोणत्याही देशाची शिक्षणपद्धती दिसत नाही. दिसतात दोन-तीन वर्ग, पाच-सहा शिक्षक आणि शंभरेक मुलं. एवढ्यातून काही हाती लागावं असं वाटत असेल तर आपल्या वर्गातून उठलेला एक प्रश्न सोबत न्या. एकच.

तो प्रश्न सराव पाठांच्या अनुभवातून यावा. मेळघाटातल्या एखाद्या शाळेत पाठ घेताना दिसतं की पहिलीतलं मूल घरी कोरकू बोलतं आणि पुस्तक मराठीत आहे. गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी. मूल गप्प बसतं आणि आपण वहीत ‘प्रतिसाद कमी’ असं लिहितो. फिनलंडमध्येही घरी अरबी, रशियन, सोमाली बोलणारी मुलं फिन्निश शाळेत येतात. नव्याने आलेल्या मुलांना आधी साधारण वर्षभर पूर्वतयारीचं शिक्षण मिळतं. पुढे ‘फिन्निश दुसरी भाषा म्हणून’ असा वेगळा अभ्यासक्रम असतो. शिवाय अनेक नगरपालिका मुलाच्या घरच्या भाषेचेही आठवड्याला साधारण दोन तास चालवतात. गप्प बसलेल्या मुलाजवळ तिथली शिक्षिका पहिल्या महिन्यात काय करते? हा प्रश्न घेऊन जाणाऱ्याला युवास्कुलात बघण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसरा कुणी म्हणेल, माझ्या वर्गात पाढे पाठ असूनही शाब्दिक उदाहरण सुटत नाही. तिसऱ्याला वाचनात मागे पडलेल्या मुलाला कधी आणि कुणी वेगळा वेळ द्यायचा, हे समजून घ्यायचं असेल. कोणताही प्रश्न चालेल, मात्र तो एका वाक्यात मावला पाहिजे. अर्जातलं हेतुपत्र, तिथल्या विषयांची निवड, शाळेकडे करायची विनंती, सगळं या एका वाक्यावरून ठरतं.

आणि स्वर्ग बघायला जातोय, अशा समजुतीत राहू नका. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचे गणितातले गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ते ४८४ वर आले. तिथले शिक्षक यावर उघडपणे बोलतात, आपसात वाद घालतात. त्या चर्चेत बसायला मिळणं हेच मला त्या सत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कोणतं सत्र निवडायचं

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून थोडं सविस्तर.

एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतला सराव, असते: पहिल्या वर्षी ४ आठवडे, दुसऱ्या वर्षी १६. हजेरीची अटही त्याच नियमांत आहे. अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, आंतरवासितेला ९० टक्के. म्हणजे १६ आठवड्यांची आंतरवासिता ज्या सत्रात आहे ते सत्र बाहेर घालवायचा विचारसुद्धा करू नका. परदेशातल्या शाळेत केलेला सराव त्या आठवड्यांत धरला जाईल, असं तोंडी कुणी सांगितलं तरी विसंबू नका.

फिनलंडमध्ये विद्यापीठाचं शरद सत्र साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं, वसंत सत्र जानेवारी ते मे. आपल्याकडे प्रवेशपरीक्षा, फेऱ्या, रिक्त जागा असं करत बी.एड.चं पहिलं सत्र बऱ्याचदा उशिरा सुरू होतं. त्यामुळे पहिल्या वर्षीच बाहेर जाणं जवळपास अशक्य होतं, कारण जानेवारीत जायचं असेल तर आपल्या विद्यापीठाने तुमचं नाव आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कळवलेलं असावं लागतं. उरतं दुसरं वर्ष. तुमच्या विद्यापीठात मोठी आंतरवासिता तिसऱ्या सत्रात पूर्ण होत असेल तर चौथं सत्र, म्हणजे तिकडचं जानेवारी ते मे, हा सर्वांत सोयीचा काळ. यात एक अडचण आहे: चौथं सत्र शेवटचं, आणि तिकडचं गुणपत्रक यायला वेळ लागतो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

एकात्मिक अभ्यासक्रमाला असणाऱ्यांना चार वर्षं असल्यामुळे बरीच मोकळीक आहे. त्यांनी तिसऱ्या वर्षाचा विचार करावा.

करार, नामांकन आणि श्रेयांकांचा लेखी हिशेब

अदलाबदल (एक्सचेंज) विद्यार्थी म्हणून जायचं तर तुमच्या विद्यापीठाचा आणि तिकडच्या विद्यापीठाचा करार असावा लागतो. करार असेल तर तिकडचं शिकवणी शुल्क भरावं लागत नाही. तो आहे की नाही हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात विचारा, महाविद्यालयात नव्हे. करार शिक्षणशास्त्र विभागालाही लागू आहे का, हेही विचारा. पुष्कळ करार एखाद्या विज्ञान विभागापुरते असतात. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेखाली दोन विद्यापीठांनी मिळून निधी घेतलेला असेल तर प्रवासखर्च आणि दरमहा निर्वाहभत्ताही मिळू शकतो. यात मध्यस्थाचं काम कुठेच नाही. ‘फिनलंड शिक्षक प्रशिक्षण’ म्हणून आठ-पंधरा दिवसांच्या सहली विकणारे भेटतील. त्या सहली म्हणजे शाळा बघून येणं. त्यातून सत्र होत नाही आणि श्रेयांकही (क्रेडिट) मिळत नाहीत.

नामांकन झालं, म्हणजे आपल्या विद्यापीठाने तुमचं नाव तिकडे कळवलं, की ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा कागद भरायचा असतो. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार, हे त्यात लिहितात. तुमची, आपल्या विद्यापीठाची आणि त्यांच्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. या कागदाला पासपोर्टइतकंच जपा.

खरा पेच श्रेयांकांच्या रूपांतरात आहे. युरोपात पूर्ण वेळ सत्र म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडचे श्रेयांक. फिनलंडमध्ये एका ईसीटीएसमागे विद्यार्थ्याचं सुमारे २७ तासांचं काम धरतात, म्हणजे सत्राचे साधारण ८१० तास. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक आणि १,२०० तास, म्हणजे सत्राला २० श्रेयांक आणि ६०० तास. आता तासांनी मोजलं तर त्यांचे ३० म्हणजे आपले २७ होतात, आणि सत्राला सत्र मोजलं तर २०. तुम्ही परतल्यावर कुणी तिसरीच रीत काढली तर दोन-तीन श्रेयांक कमी पडून पदवी अडकू शकते. माझं मत असं की सत्राला सत्र हीच रीत मागावी. ती कार्यालयाला पटवायला सोपी, आणि पूर्ण सत्राच्या बदल्यात पूर्ण सत्र असा साधा व्यवहार राहतो. गुणांचंही तसंच. तिकडे ० ते ५ अशी श्रेणी देतात, १ म्हणजे उत्तीर्ण आणि ५ म्हणजे सर्वोत्तम. त्यांचे ३ म्हणजे आपल्या दहाच्या मापात किती, हे निघण्याआधी अभ्यास मंडळाकडून ठरवून, सहीशिक्क्यानिशी घ्या.

विषय जुळवताना शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समावेशक शिक्षण, मूल्यमापन, तंत्रज्ञान यांना तिकडे इंग्रजीतून जोड मिळते. मराठीच्या अध्यापन पद्धतीला मिळणार नाही, हे उघड आहे. अशा विषयाची परीक्षा परतल्यावर देण्याची परवानगी मागा. प्राचार्यांना द्यायच्या अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: आंतरवासिता कधी पूर्ण होते, या सत्राची हजेरी तिकडच्या विद्यापीठाच्या हजेरीपत्रकावरून धरली जावी, आणि कोणत्या विषयाची परीक्षा कधी देणार. उत्तर लेखीच घ्या.

निवास परवाना, पैसे, विमा

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्यामुळे पर्यटक व्हिसा चालत नाही, शिक्षणासाठीचा निवास परवाना काढावा लागतो. अर्ज फिनलंडच्या स्थलांतर विभागाच्या ‘एंटर फिनलंड’ या संकेतस्थळावर करायचा आणि मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे. स्वीकृतिपत्र हातात आल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. जानेवारीत पोहोचायचं तर नोव्हेंबर-डिसेंबर बघता बघता संपतात. अर्जातच फिनलंडचा वैयक्तिक ओळख क्रमांक मागण्याची सोय आहे. तिथे होकाराची खूण करा, पुढे बरीच कामं सोपी होतात.

२०२५ पासून विद्यार्थ्याला महिना ८०० युरो या हिशेबाने पैसे दाखवावे लागतात. पाच महिन्यांचे ४,००० युरो, म्हणजे विनिमय दराप्रमाणे चार लाख रुपयांच्या आसपास. ही रक्कम तुमच्याच नावावरच्या खात्यात हवी. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र जोडा. प्रत्यक्षात वसतिगृहातल्या खोलीचं भाडं हा सर्वांत मोठा खर्च, साधारण चारशे युरो धरून चाला. विद्यापीठाच्या उपाहारगृहात विद्यार्थी असल्याचा पुरावा दाखवला की सवलतीचं पूर्ण जेवण तीन युरोच्या आसपास मिळतं, आणि त्यात रोज एक शाकाहारी प्रकार असतो. दुपारचं मोठं जेवण तिथे आणि रात्रीचं घरी शिजवायचं, असं ठेवलं की महिन्याचा हिशेब बसतो.

आरोग्य विमा स्वस्तातला बघून घेऊ नका. दोन वर्षांपेक्षा कमी शिक्षणासाठी उपचारांचा १,२०,००० युरोपर्यंतचा खर्च देणारा विमा परवान्याची अट म्हणून लागतो. तिकडच्या विद्यार्थी आरोग्यसेवेचा हक्क पदवीच्या विद्यार्थ्यांना असतो, भारतातून अदलाबदलीवर गेलेल्यांना नसतो. त्यामुळे दातदुखीपासून सगळं याच विम्यावर. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचा दाखलाही काढून ठेवा. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी फिनलंडमध्ये तपासली जाते. शाळेने दाखला मागितला आणि तो तयार नसेल तर वर्गात पाऊल ठेवायला उशीर होईल.

बॅगेत काय

थंडीचे कपडे इथे विकत घेऊ नका. मुंबई-पुण्यात मिळणारं जाड जाकीट उणे वीसला पुरत नाही आणि बॅग मात्र भरून जाते. युवास्कुलात जुन्या वस्तूंची दुकानं भरपूर आहेत, ‘किर्पुतोरी’ म्हणतात त्यांना. तिथे चांगलं जाकीट आणि बर्फातले बूट स्वस्तात मिळतात. इथून आतले थरमल कपडे, लोकरीचे मोजे आणि कानटोपी न्या, पहिले दोन दिवस निघतील. परावर्तक पट्ट्या तिथे लगेच घ्या. अंधारात पायी चालणाऱ्याने त्या लावाव्यात असा तिथला कायदा आहे, आणि जानेवारीत शाळेत जाताना अंधारच असतो.

खाण्याचं सामान नेताना एवढं लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चटण्या, पोहे खुशाल न्या. आंघोळीच्या मगापासून उशीपर्यंत बाकी सगळं तिकडे मिळतं, पण वसतिगृहाची खोली रिकामी असू शकते, अंथरूण-पांघरूण आहे का ते आधी विचारा.

पहिला आठवडा

विद्यापीठात नोंदणी, ओळखपत्र, बसचा पास, खोलीची किल्ली. पाच महिन्यांसाठी बँकेत खातं उघडणं वेळखाऊ असतं, परकीय चलनाचं कार्ड पुरतं. तातडीला ११२, तब्येतीविषयी सल्ल्याला ११६११७, हे दोन क्रमांक फोनमध्ये घाला. घरी फोन करताना हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, मार्चअखेर घड्याळं बदलली की अडीच तास. फिन्निशचा प्राथमिक वर्ग असेल तर नक्की घ्या. अदलाबदलीचे विषय इंग्रजीतून असतात, पण शाळा फिन्निशमधून चालते.

वर्गात: बसायचं कुठे, बघायचं काय

फिनलंडच्या शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठांना स्वतःच्या सराव शाळा असतात. युवास्कुलाची सराव शाळा ‘नोर्सी’ या लाडक्या नावाने ओळखली जाते. तिथल्या शिक्षकांना छात्राध्यापक वर्गात असण्याची सवय असते, त्यांना मार्गदर्शन करणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. पहिली ते सहावीला बहुतेक विषय एकच वर्गशिक्षक शिकवतो, सातवी ते नववीला विषयशिक्षक असतात. प्राथमिकच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते.

आपल्या शाळेतून गेलेल्याला पहिल्या दिवशी बरंच काही वेगळं दिसेल. मुलं बाहेरचे बूट काढून मोज्यांवर वर्गात असतात. गणवेश नाही. शिक्षकांना नावाने किंवा ‘ओपे’ अशी हाक मारतात, आणि तुम्हीही त्यांना नावानेच हाक मारायची. सर किंवा मॅडम म्हटलंत तर अवघडल्यासारखं होईल. साधारण ४५ मिनिटं तास आणि १५ मिनिटं सुट्टी असा क्रम असतो. सुट्टीत बर्फ पडत असला तरी मुलं अंगणात जातात आणि देखरेखीचा शिक्षक पिवळं जाकीट घालून बाहेर उभा राहतो. तुम्हीही त्याच्यासोबत उभे राहा. वर्गात न कळलेलं बरंच काही अंगणात कळतं: कोण एकटं फिरतं, भांडण झाल्यावर मोठी माणसं किती वेळ थांबून मग मध्ये पडतात.

दुपारचं जेवण अकराच्या सुमारास. शाळेत सर्व मुलांना मोफत जेवण ही सोय फिनलंडमध्ये १९४८ पासून आहे. मुलं ताट स्वतः वाढून घेतात आणि शिक्षिका त्यांच्याच टेबलावर बसून जेवते. आपल्याकडे पोषण आहाराच्या वेळी शिक्षक वाटपाच्या नोंदीत गुंतलेला असतो. हा फरक टिपून ठेवा, आणि जेवणाच्या टेबलावर ती मुलांशी कशाबद्दल बोलते तेही ऐका.

आता निरीक्षण वही. आपल्याकडे पाठ निरीक्षणाचा ठरलेला नमुना असतो: प्रस्तावना, फळ्याचा वापर, प्रश्नकौशल्य, समारोप. तो तिकडे बाजूला ठेवा. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे वेळ आणि जे डोळ्यांना दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. ‘बाई प्रेमळ आहेत’ ही नोंद उजवीकडची, आणि तिचा पुढे फारसा उपयोग नाही. ‘मुलाने वही उघडली नाही. बाई त्याच्याशेजारी खाली बसल्या, काही न बोलता पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली, उठून गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या’ ही डावीकडची. तुमचा प्रश्न गप्प बसणाऱ्या मुलाचा असेल तर अशा वीस नोंदींतून काही आकार दिसू लागतो. भाषा न समजणं इथे काही अंशी पथ्यावरच पडतं, कारण लक्ष आपोआप हातवारे, जागा बदलणं, थांबणं यांकडे जातं. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. तास संपल्यावर शिक्षिकेला विचारा की त्या क्षणी तिच्या मनात काय होतं.

एक नोंद दर वेळी करा: वर्गात मुलं किती आणि मोठी माणसं किती. पुष्कळदा वर्गशिक्षिकेबरोबर मदतनीस असतो, कधी विशेष शिक्षक येऊन दोघं मिळून शिकवतात. ‘त्यांच्याकडे वीसच मुलं, आपल्याकडे पन्नास, मग कसं जमणार’ असं म्हणून वही मिटवणं सोपं आहे. त्याऐवजी प्रत्येक नोंदीपुढे लिहा: हे करायला मुलं कमी असणं गरजेचं होतं का? शेजारी बसून पेन्सिल ठेवायला नव्हतं. प्रत्येक मुलाशी स्वतंत्र उद्दिष्टं ठरवायला होतं. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, आणि आपल्या शाळांत तो प्रत्यक्षात किती ठिकाणी आहे हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ही चाळणी लावल्याशिवाय तिकडची कुठलीच गोष्ट इकडे आणण्याजोगी ठरत नाही.

जुन्या लेखांवर विसंबून वर्गात जाऊ नका. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी २०११ पासून असलेली तीन पायऱ्यांची व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये बदलली. तेव्हापासूनच तासाला मोबाइल वापरायचा तर शिक्षकाची परवानगी लागते. सक्तीचं शिक्षण २०२१ पासून अठरा वर्षांपर्यंत आहे. शिक्षककक्षात कॉफीच्या वेळी ‘हे बदल तुम्हाला कसे वाटतात’ असं विचारलं की माणसं मोकळी होतात. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. फिन लोक बोलताना मध्ये शांत राहतात, त्याचा अर्थ संभाषण संपलं असा नसतो. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकला की पहिल्याचं उत्तर हरवतं.

आणि मुलांचे फोटो काढायचे नाहीत. पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय एकही नाही, समाजमाध्यमांवर तर नाहीच. वहीतही मुलांची खरी नावं लिहू नका.

तुम्हाला पाठ घ्यायला सांगतील तेव्हा

सांगतील, आणि बहुधा विषय असेल ‘तुमच्या देशाबद्दल काही’. ताजमहाल, हत्ती आणि रंगपंचमीचे फोटो दाखवून वेळ निघून जातो, पण मुलं काही करत नाहीत आणि तुम्हालाही काही शिकायला मिळत नाही. त्यांच्या अभ्यासक्रमातला एखादा घटक घ्या आणि त्यात आपली वस्तू आणा. ठिपक्यांची रांगोळी सममितीसाठी उत्तम. चौकटीच्या कागदावर पाच बाय पाच ठिपके, फळ्यावर अर्धी आकृती तुम्ही काढायची, उरलेली अर्धी मुलांनी पूर्ण करायची. भाषा जवळजवळ लागतच नाही. मग जोडीने एकमेकांसाठी अर्ध्या आकृत्या काढायच्या. मोठ्या वर्गात सममितीचे अक्ष किती ते मोजता येतं. हस्तव्यवसायाच्या तासाला पालघरकडची वारली चित्रं कापडावर किंवा लाकडावर करता येतात. फक्त ती कोण काढतं आणि कोणत्या प्रसंगी, हे दोन वाक्यांत नीट सांगा.

पाठ टाचण दोन दिवस आधी वर्गशिक्षिकेला द्या. आपल्या टाचणात शिक्षककृतीचा रकाना भरगच्च असतो. तिथे तुम्हाला पहिला प्रश्न येईल: या दहा मिनिटांत मुलं काय करत असतील? त्याचं उत्तर नसेल तर तो भाग काढून टाका. इंग्रजी वाक्यं छोटी ठेवा, प्रत्येक सूचना हाताने करून दाखवा आणि गरज पडेल तिथे शिक्षिका फिन्निशमध्ये सांगेल असं आधीच ठरवा. पाठानंतर मार्गदर्शक शिक्षक आधी तुम्हालाच विचारतात की पाठ कसा झाला. ‘छान झाला’ एवढंच म्हणू नका. एखाद्या मुलाचं काम सोबत न्या आणि त्यावर बोला.

हस्तव्यवसायाचा एक तरी तास पूर्ण बघा, तुमचा विषय काहीही असो. लहान मुलांच्या हातात करवत, हातोडी, शिवणयंत्र दिलं जातं आणि वर्ग शांतपणे काम करतो. हत्यारांची जागा, सुरक्षेचे नियम, रांगेत न थांबता मदत मागण्याची रीत, सगळं आखलेलं असतं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन या नयी तालीमच्या शाळेत जाऊन आलेल्या छात्राध्यापकाला इथे विचारण्यासारखे प्रश्न सर्वांत जास्त असतील. तिकडे जाण्यापूर्वी सेवाग्रामची एक फेरी करता आली तर जरूर करा.

थंडी आणि एकटेपणा

जानेवारीच्या सुरुवातीला उजेड पाच-सहा तासच असतो. दुपारी उजेडात अर्धा तास चालून या, वसतिगृहाच्या सॉनाची (गरम वाफेच्या खोलीची) वेळ नोंदवा, आठवड्यातून एकदा कुणाला तरी जेवायला बोलवा. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला शाळांना स्कीची आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा शाळाभेट मागू नका. एप्रिलनंतर दिवस इतका लांबतो की खिडकीला जाड पडदा लावावा लागतो. पण झोप लागत नाही, खावंसं वाटत नाही असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं तर विद्यापीठाच्या समन्वयकाला सांगा, घरून फोनवर धीर मिळेल एवढ्यावर काढू नका.

निघण्याआधी आणि परतल्यावर

शाळा मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत संपतात, पण शिक्षकांची धांदल त्याच्या खूप आधी सुरू होते. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यातच मार्गदर्शक शिक्षकाकडून सरावाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर किती तास निरीक्षण केलं, किती पाठ घेतले आणि कोणत्या इयत्तांना, हे लिहिलेलं हवं. प्रत्येक विषयाचं अधिकृत वर्णन उतरवून ठेवा: उद्दिष्टं, ईसीटीएस, वाचनसाहित्य, मूल्यमापनाची रीत. परतल्यावर अभ्यास मंडळ हेच मागतं, आणि पुढच्या वर्षी संकेतस्थळावरची पानं बदललेली असतात.

चौथ्या सत्राची अडचण ती हीच. तिकडचं गुणपत्रक सत्र संपल्यावर काही आठवड्यांनी मिळतं, इकडे निकालाची तारीख आलेली असते. शिक्षक भरतीला किंवा एम.एड. प्रवेशाला अंतिम निकाल लागतो. मार्चमध्येच तिकडच्या प्राध्यापकांना सांगा की गुण लवकर नोंदवायला मदत करा, आणि इकडे परीक्षा विभागाला लेखी कळवा की या विद्यार्थ्याचा निकाल अमुक महिन्यात लागेल. विषयांत काही बदल झाले असतील तर लर्निंग अ‍ॅग्रीमेंटच्या बदलांच्या पानावर तिन्ही सह्या आहेत का, हे तिथे असतानाच तपासा.

इकडे आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत दोन कामं करा. गुणपत्रक आणि विषयवर्णनं एकत्र करून परीक्षा विभागात द्या, पोच घ्या. आणि ज्या शाळेत आंतरवासिता केली होती तिथल्या मुख्याध्यापकांकडे जाऊन एक वर्ग, आठवड्याला दोन तास, सहा आठवड्यांसाठी मागा. वहीतली ‘मुलं कमी असणं गरजेचं नव्हतं’ अशी खूण केलेली एकच गोष्ट तिथे करून बघा, तशाच दोन भागांच्या पानावर नोंदी ठेवा, आणि त्या नोंदींची इंग्रजी प्रत युवास्कुलातल्या मार्गदर्शक शिक्षिकेला पाठवा.